हीथ्रोशेजारचं कोठार

आज रविवार आणि चक्क ऊन! म्हणून हार्मंड्सवर्थचं जुनं कोठार बघून आलो. हीथ्रो विमानतळाला अगदी खेटून आहे हे गाव. इतकी वर्षं नातेवाइकांना आणायला-सोडायला याच भागातून जातोय, पण कधी वाकडी वाट केली नाही.

१४२६-२७ मध्ये विंचेस्टर कॉलेजने आपल्या शेतीचं धान्य ठेवायला बांधलेलं हे कोठार. बाहेरून काळपट फळ्या, काही विशेष नाही. आत पाऊल टाकलं आणि मान वर गेली ती वरच राहिली. जवळजवळ ६० मीटर लांब, ओकच्या खांबांच्या दोन रांगा, वर तुळयांचं जंगल. बेट्जमन या कवीने याला ‘मिडलसेक्सचं कॅथीड्रल’ (मिडलसेक्स हा इथला जुना परगणा) म्हटलं होतं, ते उगाच नाही.

सगळ्यात गंमत खांबांची. झाड उलटं उभं केलंय! बुंध्याचा रुंद भाग वर, शेंडा खाली. कारण वर तीन-तीन लाकडं एकाच जागी येऊन बसतात, तिथे जाडी हवी. सांधे लाकडी खुंट्यांनी ठोकलेले. एका खुंटीचं डोकं चाचपून पाहिलं, गुळगुळीत आणि थंडगार. खांबांखाली दगडी बैठक, म्हणजे ओल चढून लाकूड कुजायला नको.

इथेच पेंढ्या रचायच्या, इथेच मळणी. बायको म्हणाली, “म्हणजे छपराखालचं खळं!” अगदी बरोबर.

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. कोठारातल्या कबुतरांनी ढुंकूनही पाहिलं नाही.