घोडीचा माज आणि पिशवीची सफाई

मला कितीतरी दिवस वाटायचं की घोडी माजावर असते तेव्हाच गर्भाशयात इन्फेक्शन व्हायचा धोका जास्त, कारण पिशवीचं तोंड उघडं असतं ना तेव्हा. निघालं जवळजवळ उलटंच!

घोडीचं चक्र साधारण २१-२२ दिवसांचं, त्यातले ५-७ दिवस माजाचे. तेव्हा इस्ट्रोजेन या हार्मोनचा जोर असतो, त्यामुळे तोंड सैल, पिशवी सारखी आकुंचन पावत राहते, पांढऱ्या पेशी पटकन धावून येतात आणि आत आलेली घाण त्याच उघड्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. माज सरला की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं, तोंड घट्ट मिटतं, आकुंचन मंदावतं, पेशींचा जोरही कमी होतो. गर्भ सांभाळायचा तर हे बरोबरच आहे म्हणा, पण जंतू आधीच आत राहिले असतील तर? बाहेरून कुलूप आणि चोर घरात.

आता घोडी भरवली की वीर्य थेट गर्भाशयातच पडतं, त्यामुळे प्रत्येक वेळी आत थोडी सूज येतेच, शुक्राणूंनाही शरीर परकंच समजतं. हा आजार नव्हे बरं का. निरोगी घोडी एक-दोन दिवसांत सगळं साफ करते, आणि करायलाच हवं, कारण गर्भ साधारण सहाव्या दिवशी बीजनळीतून पिशवीत उतरतो. काही घोड्यांना, विशेषतः वय झालेल्या, बरीच शिंगरं झालेल्या, पिशवी खाली लोंबलेल्या घोड्यांना ते जमत नाही. पांढऱ्या पेशी येतात की त्यांच्यातही, पण स्नायू ढकलत नाहीत, मग सोनोग्राफीत पाणी साचलेलं दिसतं.

म्हणून मला वाटतं नुसत्या अँटिबायोटिकवर भिस्त ठेवणं चूक. डॉक्टर भरवल्यानंतर चारेक तास जाऊ देतात, तोवर लागणारे शुक्राणू नळीत पोचलेले असतात, मग सलाईनने पिशवी धुतात आणि ऑक्सिटोसिन देतात, म्हणजे ती आकसून पाणी बाहेर टाकते. माज सरल्यावर इन्फेक्शन सापडलं तर प्रोस्टाग्लँडिन देऊन प्रोजेस्टेरॉन खाली आणतात आणि घोडीला परत माजावर आणतात, म्हणजे सफाईचं काम पुन्हा इस्ट्रोजेनकडेच! फक्त ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे बीज सुटल्यावर, पहिले पाचेक दिवस त्या इंजेक्शनचा नीट उपयोग होत नाही.

आणि उशिरा पहिल्यांदा भरवलेल्या घोडीचं तर अजून वेगळंच, तिचं तोंड माजातसुद्धा पुरेसं उघडत नाही, मग स्नायू कितीही ढकलोत, पाणी जाणार कुठून?