तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा का लपवता?

निवृत्त झालो तरी दापोलीच्या स्टँडवर कुणीतरी गाठतंच. चहा निम्मा होतो न होतो तोच, “भाऊ, आता तरी खरं सांगा, आपत्तीत तुम्ही लोक आकडे लपवता ना?” नियंत्रण कक्षात बरेच पावसाळे काढले, तेव्हा विचारणार तरी कुणाला!

अहो, लपवायला आधी आकडा हाती तर लागू दे. एकदा दरड आली त्या रात्री बेपत्तांच्या यादीत एकच बाई दोनदा लागली. सासरच्या तलाठ्याने लग्नानंतरचं नाव कळवलं, माहेरच्या पोलीस पाटलाने ‘बेबी’. इकडे वाहिनीवाला फोनवर, “लवकर सांगा, पट्टी चालवायची आहे.” पहाटे बाई सापडली नणंदेकडे, ठणठणीत. तिचं नाव रात्रीच टीव्हीवर गेलं असतं तर मुंबईतल्या तिच्या मुलाचं काय झालं असतं?

पण एक कबूल करतो. नक्की कळेस्तोवर आम्ही तोंडच उघडत नसू, ते चुकीचं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात वीज गेली, टॉवर गेले, माडापोफळींच्या बागा आडव्या. चाकरमानी मुंबईत फोन लावून लावून थकले. त्यांना पंचनाम्याचा आकडा नकोच होता, आई बरी आहे की नाही एवढंच हवं होतं. तेव्हापासून कागदावर वेळ घालून लिहायला लागलो : “दुपारी ४ पर्यंत अमुक वाड्यांशी संपर्क झाला, अमुक वाड्यांशी अजून नाही.” हा ‘अजून नाही’ लिहायला साहेब लोक फार कचरतात. लोकांना मात्र त्याचाच आधार वाटतो.

आणि भोंग्याचा किस्सा सांगायलाच हवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वाडी वाहून गेली. त्यानंतर जरा जोराचा पाऊस लागला की आमच्याकडेही कुणीतरी “धरण फुटलं” म्हणून उठवायचं. अशाच एका रात्री मी रिक्षावर भोंगा लावून पाठवला : “धरण फुटलेलं नाही, घाबरू नका.” वारा असा की ‘नाही’ त्यातच गेलं. खालच्या वाडीला ऐकू आलं “धरण फुट...” म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन लोक चिखलातून पाखाडी चढले, एकीचा पाय मोडला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली खोटी आवई उठवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद आहे. इथे आवई सरकारी रिक्षानेच उठवली, आणि मजकूर माझ्या अक्षरातला.

मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, हे शाळेत शिकलेलं त्या रात्री कळलं. पुढे अफवेचा शब्दच भोंग्यावर घ्यायचा नाही असं ठरवलं. नवा मजकूर : “धरण शाबूत आहे. रात्री ९ वाजता आपला कोतवाल भिंतीजवळ उभा आहे.” वाऱ्याने कुठूनही तोडला तरी उलटा अर्थ निघत नाही.

फक्त कोतवालाची पंचाईत झाली. बिचारा जेवायला घरी आलेला दिसला की लोक दारात येऊन विचारायचे, “तू इथे, मग तिथे कोण?”