किती टाके पडले?

तिसरा दिवस, रात्र

दवाखान्यापासून आईच्या घरापर्यंत सात गतिरोधक आहेत. सांगलीत लहानाची मोठी झाले, पण हे आज कळलं. बाबा पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत होते, मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर टाकून, अर्धी उभीच होते म्हणा ना. लेक आजीच्या मांडीवर गाढ झोपलेली. सातव्या गतिरोधकाच्या आधी मी बाबांना म्हटलं, थांबा, आणि उतरून चालत आले. शंभरएक पावलं असतील. चालताना कमी दुखतं, बसताना जास्त. हे उलटं गणित अजून एकालाही समजावता आलेलं नाही. जो तो म्हणतो, 'अगं, उभी का? बस की!'

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत पाऊल टाकते तोच शेजारच्या काकू हजर. "नॉर्मल ना? सुटलीस बाई!" आणि त्याच दमात, आवाज खाली आणून, "किती टाके पडले?"

हा प्रश्न तीन दिवसांत आत्यानं फोनवर विचारला, सासूबाईंनी विचारला, दवाखान्यातल्या आयामावशींनी विचारला, आणि समोरच्या खाटेवरच्या बाईनं तर नाव विचारायच्या आधी विचारला. तिला स्वतःला सात, असं म्हणाली. कुठून मोजले कुणास ठाऊक. काल राउंडला डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मीही विचारलं, की निदान लोकांना आकडा तरी सांगता यावा. मॅडम हसल्या. "मोजत नाही गं आम्ही. तीन थर असतात. आतली नाजूक त्वचा, मग स्नायू, मग वरची कातडी. लांब दोरा घेतो आणि तोच फिरवत आणतो."

म्हणून काकूंना म्हटलं, "एक."

काकूंचा चेहरा उजळला. "एकच? मग काहीच नाही!"

चौथा दिवस, पहाटे साडेचार

हिला पाजून झालं. आता झोपायला हवं, पण लिहून ठेवते. आई म्हणते, बाळाचं तोंड पाहिलं की बाई सगळं विसरते. मला तर सगळं आठवतंय.

शेवटच्या कळांच्या वेळी सिस्टर ओरडत होत्या, "जोर लाव, अजून, अजून, शी ला लावतात तसा!" आणि मधेच मॅडमचा हात कात्रीकडे गेला. कापलं ते दुखलं नाही. खरंच नाही. कळ इतकी टोकाला होती की तिच्यापुढे कात्रीची काय मिजास. फक्त आवाज आला, जाड कापड कापताना येतो तसा. आणि मग एकदम ती बाहेर. दोन किलो नऊशे. रडली. सगळे हसले. मीही.

खरा प्रकार त्यानंतर. पाय वर बांधलेले, दिवा थेट खाली रोखलेला, पाय लटलटा कापताहेत, थांबवू म्हटलं तरी थांबत नाहीत. भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, पण एका कोपऱ्यात ते पोचलंच नाही. कापल्याचं कळलं नाही आणि शिवताना मात्र टाका न टाका कळला. सुई आत जाताना टोचते ते एक, आणि दोरा ओढला जातो ते वेगळंच. ते सरसर जाणं पोटापर्यंत कळत होतं.

"मॅडम, दुखतंय."

"झालंच. दोनच राहिले."

त्या वेळात मॅडम आणि सिस्टर यांचं बोलणं चाललं होतं सिस्टरांच्या मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल. सायन्स घ्यावं की कॉमर्स. मुलाला गणित आवडत नाही पण मार्क आहेत. मी परत म्हटलं, दुखतंय. "बाळाकडे बघ की! किती गोड आहे! दोनच राहिले." हे 'दोनच राहिले' मॅडम तीनदा म्हणाल्या. मोजत नाहीत म्हणतात!

(सिस्टरांच्या मुलानं कॉमर्स घ्यावं, असं माझं मत आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं.)

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. कापायच्या आधी मला कुणी काही बोललं नाही. डिस्चार्ज कार्डावर चार अक्षरं आहेत, आर.एम.एल.ई. रात्री मोबाइलवर शोधलं. उजव्या बाजूला तिरका छेद. तिरका अशासाठी, की सरळ फाटत गेलं तर थेट शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत जाऊ शकतं. पुढे वाचलं तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगून ठेवलंय की हा छेद सरसकट घेऊ नये. माझा सरसकट होता की गरजेचा? पहाटे साडेचारला हा प्रश्न पडून उपयोग नाही. मॅडमना विचारायचं, असं ठरवून झोपते.

सहावा दिवस

काल पाचवी झाली. आईनं पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू, दिवा, सटवाईनं रात्री येऊन नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन. पेन जेलचं, कारण घरात दुसरं सापडेना. सगळं छान. फक्त मला हिला घेऊन पाटावर बसायचं होतं.

बसायला गेले आणि अर्ध्यातच भिंत धरली. जणू कुणी खालून चिमटा लावून ठेवलाय आणि मी वाकले की तो आवळतो. आई बघत होती. काही न बोलता माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनं सुती लुगडं काढलं, त्याला पीळ दिला, गोल वेटोळं केलं, टोक आत खोचलं आणि पाटावर ठेवलं. चुंबळ! माझी आजी हिच्यावर दोन घागरी घेऊन कृष्णेवरून यायची. डोक्यावरची वस्तू नातीच्या बुडाखाली आली.

पण काय बसले मी! मधल्या पोकळीमुळे टाक्यांना काही लागतच नाही, भार सगळा कडेनं. ऑनलाइन अशाच आकाराची हवा भरायची उशी मिळते, नवरा पुण्याहून पाठवणार होता. म्हटलं, राहू दे.

आता घाण वाटली तरी लिहिते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, सगळ्यात वाईट म्हणजे टाके घालणं. तर नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्यांदा शौचाला जाणं. चौथ्या दिवसापर्यंत मी ते टाळलं. भीती एकच, उसवतील. जेवण कमी केलं, म्हणजे प्रश्नच येणार नाही, असा माझा हुशार हिशोब. त्यानं आणखी खडा झाला. शेवटी आयामावशींना फोन केला, त्यांनी नंबर देऊन ठेवला होता. त्या म्हणाल्या, "जेव पोटभर. पाणी पी. रात्री इसबगोल घे. आणि जाशील तेव्हा स्वच्छ पॅडची घडी पुढून टाक्यांवर धर, हलका दाब दे. काही उसवत नाही." लघवीची आगही त्यांनीच सोडवली होती. पहिल्याच दिवशी हातात मग देऊन म्हणाल्या होत्या, करतानाच वरून कोमट पाणी सोडत राहा. इतकी साधी गोष्ट. एवढ्या तपासण्या झाल्या, नऊ महिने फाइल घेऊन फिरले, आणि हे दोन मंत्र मिळाले ते फरशी पुसणाऱ्या मावशींकडून.

आई दाराबाहेर उभी होती. मी बाहेर आल्यावर तिनं देवापुढे साखर ठेवली. खोटं नाही सांगत.

नववा दिवस

मालिशवाल्या मावशी येतात रोज आठ वाजता. अंग रगडणं म्हणजे स्वर्ग. पण त्यांची शेगडी म्हणजे संकट. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणीची सालं, आणि म्हणे त्याच्यावरून पाय फाकून धुरी घे, 'खालचं' लवकर सुकतं. मॅडमनी तर बजावलंय की टाक्यांवर थेट शेक नको. दिवसातून दोनदा टबमध्ये कोमट पाण्यात बसायचं, मग मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही.

मावशी म्हणाल्या, "माझ्या हाताखालून शंभर बाळंतिणी गेल्या." मी म्हटलं, मॅडमच्या हाताखालूनही. बराच वेळ ताणाताणी झाली आणि शेवटी तह असा ठरला की शेक पाठीला आणि कमरेला, खाली नाही. शेगडी खोलीच्या कोपऱ्यात, धूर बाळाकडे नको. मावशी रुसल्या, पण डिंकाचा लाडू खाऊन निवळल्या.

'खालचं.' 'तिथलं.' 'ती जागा.' आमच्या मावस बहिणीचं सिझर झालं, तर सगळे विचारायचे, टाके कसे आहेत, खोकताना पोटाला उशी धर, जिना चढू नको. पोट हा शब्द चारचौघांत घेता येतो ना! माझ्या टाक्यांची जागाच अशी की तिचं नाव घरात कुणी घेत नाही. आकडा तेवढा विचारतात. बाबा तर नुसतं 'बरं आहे ना?' म्हणून पेपरात डोकं घालतात. बिचारे.

दुपारी सगळे झोपले तेव्हा कपाटातला हातआरसा घेतला, कोपऱ्यात आईची जुनी टिकली चिकटलेली. दार लावलं आणि बघितलं. मनात जे चित्र धरलं होतं त्यापेक्षा पुष्कळ बरं निघालं. सूज होती, निळसर डाग होता, आणि एक बारीक तिरकी रेघ. बास. एवढ्याशा रेघेनं माझं उठणं-बसणं, शिंकणं, हसणं सगळं ताब्यात घेतलंय.

आरसा परत ठेवताना आई आली. काय करत होतीस, म्हणाली. सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली, बाळाचं दुपटं उगाच सारखं केलं.

"मी नाही गं कधी बघितलं," म्हणाली. "तू झालीस त्याला तीस वर्षं झाली."

पंधरावा दिवस

आज आंघोळीनंतर पॅडवर दोऱ्याचा तुकडा. जांभळट, नखाएवढा, टोकाला बारीक गाठ. आधी वाटलं लंगोटाचा दोरा असेल. मग लक्षात आलं आणि हातपाय गार पडले. उसवलं! आईला हाक मारली, आईनं बाबांना हाक मारली, बाबांनी गाडीची किल्ली घेतली.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रक्त? नाही. ताप? नाही. वास, पू, ठणका? नाही. मग पडू दे की. विरघळणारे टाके आहेत, काही विरघळतात, काही असे तुटून पडतात. काढायला यायचं नसतं."

बाबांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मग दूध तरी आणतो." आणि दोन लिटर घेऊन आले.

तो तुकडा मी टाकून दिला. आधी जरा वेळ बोटावर धरून बघितला मात्र.

चव्वेचाळिसावा दिवस

सव्वा महिना होऊन गेला. काल दाखवून आले. मॅडम म्हणाल्या, छान भरलंय. जागा अजून कडक लागते, कधी कधी खाजते, त्याला वेळ जाईल. आकुंचनाचे व्यायाम शिकवले, लघवी अडवतो तसं आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. नवऱ्याबद्दल एक वाक्य बोलल्या, की घाई नको, तुला वाटेल तेव्हा, आणि दुखलं तर थांबायचं. हे त्यांनी त्याच्यासमोर सांगितलं याबद्दल त्यांना शंभर गुण.

मग मी विचारलं. छेद लागणारच होता का?

मॅडमनी फाइल मागे उलटली. "शेवटच्या दहा मिनिटांत बाळाचे ठोके नव्वदवर आले होते. लवकर काढायचं होतं."

"मला सांगितलं नाही कुणी."

"तेव्हा वेळ नव्हता गं."

माझा विश्वास बसला. खरंच बसला. ठोके नव्वदवर आले असते आणि मॅडम मला समजावत बसल्या असत्या, तर मीच ओरडले असते. पण 'कापते हं' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आणि नंतर? नंतर तर सगळा वेळ होता, अकरावीच्या प्रवेशाला पुरला इतका. हे मी बोलले नाही. थँक यू म्हणून उठले. घरी येईपर्यंत मनात तीन वेगवेगळी उत्तरं तयार झाली होती, एकाहून एक झणझणीत. येताना सात गतिरोधक लागले असतील, मला एकही कळला नाही.

आज दुपारी खाली, मांडी घालून, नुसत्या फरशीवर जेवले. अळीवाची खीर दोनदा घेतली.

आईनं चुंबळ सोडून लुगडं धुतलं, उन्हात वाळवलं आणि परत पीळ देऊन तयार करून ठेवलं. संध्याकाळी काकू आल्या, त्यांच्या सुनेला नववा लागलाय. ओट्यावर ते वेटोळं बघून म्हणाल्या, "हे गं काय?"

"तुमच्या सुनेसाठी. टाक्यांवर बसायला."

"छे गं! तिला कशाला? डॉक्टर म्हणाल्यात, तिची नॉर्मलच होणार."

"म्हणूनच ठेवलीय, काकू."