पोळीचा पापड का होतो

आज पुन्हा तेच. पोळी फुगायच्या आधीच तव्यावर कडक झाली. जर्मनीत भारतीय हॉटेलात मैद्याचा नान हमखास मिळतो. मऊ घडीची पोळी हवी तर घरीच लाटायची.

दोष हाताचा नाही, पिठाचा. चक्कीच्या दळणात स्टार्च जास्त तुटतो, म्हणून आपली कणीक जास्त पाणी पिते. इथलं फोलकॉर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं अख्ख्या गव्हाचं जर्मन पीठ, कमी पितं, शिवाय त्यातला जाड कोंडा लाटताना पोळी फाडतो. तो आधी चाळून काढा. 250 ग्रॅम पिठाला 150 मिली कोमट पाणी, चमचाभर तेल. मग झाकून 30 मिनिटं ठेवाच, घाई इथेच नडते.

विजेच्या काचेच्या शेगडीवर तवा निदान पाच मिनिटं तापू द्या. कोमट तव्यावर पोळी भाजत नाही, नुसती वाळते.

तुमच्या गावी कोणतं पीठ चालतं?