सलग १४ पास: चौकोनी रोंडोचा गुंता अखेर सुटला

गेल्या रविवारी सकाळी आमच्या फुटबॉल गटातील मुलांनी चार विरुद्ध एक रोंडोमध्ये, म्हणजे कडेला उभ्या चौघांनी आपसांत पास द्यायचे आणि मधल्या एकाने बॉल अडवायचा या सरावाच्या खेळात, सलग १४ पास पूर्ण केले. मागील नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण दोन महिने आमची मजल सहा पासच्या पुढे गेली नव्हती आणि बहुतेक वेळा तिसऱ्या पासलाच बॉल मधल्या मुलाच्या पायात जात होता. कोल्हापुरातील ज्या मुरमाड मैदानावर आम्ही सराव करतो, ते जागोजागी खडबडीत आहे आणि नऊ ते बारा वर्षांची ही मुले शाहू स्टेडियमवरील पेठांचे सामने पाहत वाढलेली आहेत, त्यामुळे लांब फटका हाच खरा फुटबॉल असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. अशा मुलांनी जमिनीलगतचा पास खेळावा, यासाठी रोंडोइतका आवडीचा खेळ मला सापडलेला नाही, म्हणूनच तो जमत नसल्याची रुखरुख अधिक होती.

सुरुवात ६ मीटरच्या चौकोनाने झाली होती. जागा कमी पडते असे वाटून मी तो ८ मीटरचा आणि नंतर १० मीटरचा केला. त्याने परिस्थिती बिघडली, कारण अंतर वाढल्यावर मुले जोरात मारू लागली आणि मुरमावर उसळलेला बॉल गुडघ्यापर्यंत येऊ लागला. मग मी दोष बॉलला दिला. नियमाप्रमाणे बॉलमधील हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण (ॲटमॉस्फिअर) इतका असावा लागतो. मी मापक लावून तो ०.६ पर्यंत उतरवला, आणि उसळी थोडी कमी झाली, हे नमूद केले पाहिजे. ज्यांच्याकडे अजून केवळ अंगठा दाबून हवा पाहण्याची पद्धत आहे, त्यांनी दाबमापक अवश्य घ्यावा.

याच ओघात फुटसालचे, म्हणजे कठीण जमिनीवर पाच-पाच जणांत खेळल्या जाणाऱ्या छोट्या फुटबॉलचे, दोन बॉल मागवले. फुटसालचा बॉल २ मीटर उंचीवरून सोडला, तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच यावी, असा नियम आहे आणि कठीण मैदानासाठी तो गुण अगदी हवा तसा आहे. आलेले बॉल मी भिंतीवर खडूने खुणा करून सोडून पाहिले, तेव्हा दोन्हींची उसळी १ मीटरच्या वर गेली. साध्या चार नंबरच्या बॉलवर फुटसाल असा शिक्का मारून विक्रेत्याने ते पाठवले होते. ते परत केले आहेत. बॉल हातात आल्यावर ही चाचणी केल्याशिवाय वेष्टन फेकू नये, एवढा सल्ला मी कळकळीने देईन.

शेवटचा उपाय म्हणून एका टचचे बंधन घातले, म्हणजे बॉल न थांबवता पहिल्याच स्पर्शात पुढे द्यायचा, आणि ती माझी सर्वांत मोठी चूक ठरली. ज्यांचा पहिला टचच बसलेला नाही, त्यांना तो टच काढून घेणे म्हणजे नुसती धांदल होती. दुसऱ्याच आठवड्यात ते बंधन मी मागे घेतले.

शनिवारी रात्री कागदावर ८ मीटरचा चौकोन काढला आणि मुले जिथे उभी राहतात तिथे टिंबे दिली. चारही टिंबे कोपऱ्यांत आली. म्हणजे शेजारच्याला द्यायचा पास ८ मीटरचा आणि कर्णावरचा ११ मीटरहून अधिक लांब. हीच मुले बाजूंच्या मधोमध उभी राहिली, तर शेजारचा पास ५.७ मीटरचा होतो आणि समोरचा ८ मीटरचा. पहिल्यांदा वाटले, उत्तर मिळाले. पण लगेच लक्षात आले की ६ मीटरच्या चौकोनात अंतरे जवळजवळ इतकीच होती आणि तिथेही खेळ मोडतच होता. तेव्हा केवळ अंतर हे कारण असू शकत नव्हते. सरावात नेमके काय घडत होते, ते आठवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एकच चित्र डोळ्यांसमोर आले: प्रत्येक मूल कोपऱ्यातील कोनाला (खुणेसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या शंकूला) खिळल्यासारखे उभे आहे, बॉल कुठेही असला तरी जागचे हलत नाही, आणि मधला मुलगा बॉलवाल्याच्या समोर दोन पावले आला की त्याच्या पाठीमागची वाट आपोआप बंद होते. कोन मी कोपऱ्यांत मांडत होतो, म्हणून मुले कोपरे धरत होती.

रविवारी एकही कोन मांडला नाही. फक्कीने चौकोन आखला, प्रत्येकाला एक पूर्ण बाजू नेमून दिली आणि सांगितले की आपल्या रेषेवर हवे तितके सरकायचे, पण बॉल असलेल्या मित्राला आपण दिसलेच पाहिजे. शेजारचे दोघे त्याच्याकडे सरकले की त्याच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही वाटा उघडतात आणि मधल्या एकट्याला दोन्ही बंद करता येत नाहीत. पहिली दहा मिनिटे आठवण करून द्यावी लागली. त्यानंतर गटातील सर्वांत लहान मुलीने जे केले, ते मी बराच काळ विसरणार नाही. बॉल अजून समोरच्या मुलाकडे होता, तेवढ्यात ती रेषेवर तीन पावले डावीकडे सरकली, एकदा मान वळवून तिने पलीकडचा मित्र पाहिला, आणि पास आला तेव्हा तो तळव्याखाली दाबून न थांबवता अंगावरून पलीकडे जाऊ देत दूरच्या पायाच्या आतल्या बाजूने घेतला. पुढचा पास देण्यासाठी तिला वळावेच लागले नाही. बाकीची मुले मोठ्याने मोजत होती आणि बारानंतर त्यांचे आवाज चढत गेले.

राज्याचा नियमही याच दिवशी बदलला. ज्याच्याकडून बॉल जाईल त्याच्यावर राज्य, या पद्धतीत कच्ची मुले सतत मध्येच अडकतात आणि नेमका त्यांनाच पासचा सराव मिळत नाही. आता ४५ सेकंदांनी शिट्टी वाजली की राज्य पुढे सरकते, मग बॉल कोणाकडूनही गेलेला असो.

पुढच्या रविवारी पाच विरुद्ध दोन घ्यायचे आणि बाहेर दीड मीटरचे चार दरवाजे, म्हणजे छोटे गोल, ठेवायचे, असे ठरवले होते. हे लिहिताना मात्र विचार बदलत आहे. ज्या बार्सिलोनाच्या रोंडोचे आपण सगळे चाहते आहोत आणि जो योहान क्रायफ यांनी १९८८ पासूनच्या आपल्या प्रशिक्षकपदाच्या काळात तिथल्या सरावाचा कणा केला, तो रोंडो तिथले खेळाडू पुष्कळदा वर्तुळ करूनच खेळताना दिसतात, आणि वर्तुळाला कोपराच नसतो. इतकी वर्षे पाहूनही मला हे सुचले नव्हते. तेव्हा दरवाजे काही काळ बाजूला ठेवून ४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून पाहावे असे वाटते. पाच जण त्यावर सारख्या अंतराने उभे राहिले, तर शेजारचा पास सुमारे ४.७ मीटरचा आणि त्यापलीकडचा ७.६ मीटरचा येतो, म्हणजे आम्हाला जमलेल्या अंतरांच्या आसपासच. मध्ये सुरुवातीला एकच जण ठेवीन. सलग दहा पास दोनदा झाले, तरच दुसरा उतरवीन.

कोणी मुरमावर वर्तुळाचा प्रयोग केला असेल, तर फक्कीची रेषा किती वेळ टिकते, हे जरूर कळवावे. आमच्याकडे चौकोनाची रेषा अर्ध्या तासात पुसट होते. खुंटी आणि ४ मीटर दोरी मी आजच पिशवीत ठेवली आहे.