परिशिष्ट एकवरची जुनी नावे आणि आमचे संग्रहालय

आमच्या गावचे संग्रहालय गढीच्या उरलेल्या भागात आहे. तिफण, डवरे, कुडव-पायलीची मापे, मोटेची चामडी सोंड, लाकडी चाकांची रेंगी आणि काही पोथ्या एवढाच त्याचा पसारा. नागपूरच्या अजबबंगल्यामागे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयामागे, १८६३ पासून सरकार उभे आहे. आमच्यामागे मात्र एक नोंदणीकृत न्यास आणि गावकऱ्यांची देणगी आहे. या न्यासाचा सचिव म्हणून संग्रहालयाची आर्थिक घडी बसवण्याचे काम माझ्याकडे आले. पैसा द्यायला लोक तयार असूनही तो घेता येत नव्हता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

हिशेब, लेखापरीक्षण, पॅन ही कामे सनदी लेखापालांनी बिनबोभाट करून दिली. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा जतनाचा समावेश असल्याने एका कंपनीने सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून कवेलूंचे छत दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी, हवी होती आणि तिच्यासाठी प्राप्तिकराची १२ए (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी होती. २०२१ मध्ये सर्वच जुन्या संस्थांना ही नोंदणी नव्याने करावी लागली होती. आमची तेव्हा राहून गेली होती, कारण सगळे घोडे परिशिष्ट एकपाशी अडले होते.

परिशिष्ट एक हा धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा उतारा; तो म्हणजे न्यासाचा सातबाराच. आमच्या उताऱ्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावे होती, त्यांतील बहुतेक मंडळी हयात नव्हती. आधीच्या मंडळाने बदल अर्ज, म्हणजे विश्वस्तांतील बदल नोंदवण्याचा अर्ज, वेळेवर दाखल केला होता, पण त्यावर आदेशच झाला नव्हता. आमच्या निवडीचा अर्ज दिला तेव्हा उत्तर मिळाले की, मागच्या अर्जाचा निकाल लागल्याशिवाय पुढचा विचारात घेता येणार नाही. मागच्या अर्जाची चौकशी केली, तर नस्ती (फाइल) अभिलेख कक्षात सापडत नाही, पुढच्या तारखेला या, असे सांगण्यात आले. पुढच्या तारखेलाही तेच. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत कोषाध्यक्ष शेत मजुरांवर सोडून पहाटेच्या एसटीने माझ्याबरोबर येत, आणि दुपारी आम्ही रिकाम्या हातांनी परतत असू. नस्ती त्यांच्या ताब्यात, ती शोधण्याची जबाबदारीही त्यांचीच, आणि हेलपाटे मात्र आमचे, याचा राग मी कधीच विसरणार नाही. तिकडे बँक अद्ययावत उताऱ्याशिवाय खात्यावरील सह्या बदलायला तयार नव्हती. मुदत ठेवीची मुदत भरली होती, तरी रखवालदाराचे मानधन आम्ही पदाधिकारी वर्गणी काढून देत होतो.

वाट सापडली ती दिवंगत माजी सचिवांच्या घरी. त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरून एक बासन काढून दिले. त्यात बदल अर्जाची पोच घेतलेली प्रत होती; कडा वाळवीने खाल्लेल्या, पण जांभळा गोल शिक्का आणि त्याखाली शाईने लिहिलेला आवक क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. त्या क्रमांकावरून आम्ही लेखी अर्ज करून आवक नोंदवही पाहण्याची मागणी केली, तेव्हा प्रकरणाचा क्रमांक मिळाला आणि नस्ती दुसऱ्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात निघाली. दोन्ही अर्ज एकत्र चालवावेत अशी विनंती केली, ती मान्य झाली. कोणाचा आक्षेप नव्हता, आदेश झाला. नव्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल हाती आली त्या दिवशी मला खरोखर हलके वाटले. त्यानंतर बँक, ८०जी, सीएसआर-१ हे सारे आपोआप मार्गी लागले.

म्हणून देणगी मागायला निघण्याआधी आपल्या परिशिष्ट एकची नक्कल काढून पाहावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे कोणताही बदल ९० दिवसांत कळवावा लागतो, आणि विश्वस्ताचा मृत्यू हासुद्धा बदलच असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा. सभेची सूचना, ती सर्वांना मिळाल्याची पोच, हजेरी, ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे ही कागदपत्रे तयार ठेवावीत; त्यांपैकी सूचनेची पोच हमखास विचारली जाते.

पैशाबाबत माझे मत ठाम आहे. रंगरंगोटीआधी रखवालदाराच्या मानधनाची सोय करावी, कारण माणूस नसेल तर कुलूप उघडत नाही. त्यासाठी कायम निधी (मूळ रक्कम न मोडता व्याजच वापरायचे असा) वेगळा ठेवावा आणि ही रक्कम कायम निधीसाठीच आहे, असे देणगीदाराकडून लिहून घ्यावे. आमच्याकडे देणगी मागण्याचा काळ दिवाळी ते संक्रांत, कापूस विकला जातो तेव्हाचा. शाळांच्या सहलीही त्याच सुमारास येतात. उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही, तेव्हा वस्तुनोंदवहीचे काम करावे. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, माप आणि देणाऱ्याचे नाव त्यात हवे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती कोणी आणून दिली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालील नोंदणी आधी तपासावी.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशानेच घ्यावी. देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे भरायचे असते, तेव्हा पावती फाडतानाच पॅन किंवा आधार क्रमांक लिहून घ्यावा.