म चा ब, द चा त

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी संगणक दुरुस्तीची कामं करतो. पॉवर सप्लाय जळालेला, हार्ड डिस्क कटकट वाजणारी, प्रिंटर कागद ओढत नाही, अशीच कामं जास्त. एका छापखान्यातून आलेली तक्रार मात्र वेगळी निघाली. तिथे एका पतसंस्थेची सभासद यादी छापायची होती, वार्षिक सभा तोंडावर आलेली, आणि प्रुफात रोज नव्या चुका. काल दुरुस्त केलेलं नाव आज नीट, पण काल नीट असलेलं भलतंच नाव बिघडलेलं. मालकांनी निकाल देऊन टाकला होता की टायपिंग करणाऱ्या ताईंचं कामात लक्ष नाही. त्यांच्या पगारातून पैसेही कापले होते. मला बोलावलं ते ताईंनी हट्ट धरला म्हणून.

"दादा, या नावांना मी हातच लावलेला नाही. मशीनच बदलतंय," त्या म्हणाल्या.

मालकांना फॉन्टचा संशय होता. छापखान्यात तो पहिला येतोच, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांची दैना होते. पण फॉन्ट बिघडला तर यादीतला प्रत्येक म बिघडेल. इथे अनेक पानांत एखादाच म चुकलेला, बाकी सगळे जागेवर. शिवाय यादी युनिकोडमध्ये होती, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत; तिथे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं.

मी प्रुफं मागवली आणि लाल शाईच्या खुणा एकाखाली एक लिहून काढल्या. कदमचं कदब. दळवीचं तळवी. पाटीलचं नाटील. गायकवाडचं कायकवाड. चव्हाणचं घव्हाण. लोखंडेचं रोखंडे. काही चुका तर चूक म्हणून ओळखूच येत नव्हत्या. मोरेचं बोरे झालं तर कोण हटकणार? मग मी ताईंच्या कीबोर्डकडे पाहिलं. त्या इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतात. इनस्क्रिप्टमध्ये म खालच्या ओळीत डाव्या हाताला येतो आणि ब वरच्या ओळीत उजव्या हाताला. द आणि त शेजारी आहेत, तिथे बोट घसरू शकतं. म दाबताना ब पडायचा तर हातच बदलावा लागेल.

प्रुफं तपासायला एक निवृत्त मराठीचे शिक्षक येतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माझी यादी त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, "अहो, ही सगळी अक्षरं दोन घरं मागे गेलीत. क, ख, ग. ग चा क झाला. त, थ, द; द चा त. ब, भ, म; म चा ब. आणि उलट कुठेच नाही. क चा ग झालेला मला एकदाही सापडला नाही."

त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. युनिकोडमधली देवनागरी इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे, त्यामुळे अक्षरांचे क्रमांकही वर्णमालेच्या क्रमानेच लागतात. म चा क्रमांक २३५०, ब चा २३४८. द चा २३४२, त चा २३४०. ग २३२७, क २३२५. दर वेळी फरक बरोबर दोनचा. गुरुजींना फक्त प चा न आणि ल चा र खटकत होते, कारण वर्णमालेत न हा प च्या आणि र हा ल च्या लगेच मागे आहे. पण युनिकोडच्या तक्त्यात र आणि ल यांच्या मध्ये ऱ आहे, आणि न आणि प यांच्या मध्ये ऩ बसलेला आहे, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला. हा ऩ मराठीला लागत नाही, तमिळमधला एक न लिहायला ठेवलेला आहे. या दोघांना धरलं की तिथेही फरक दोनचाच.

संगणक हे क्रमांक एक आणि शून्यांच्या रांगेत ठेवतो, त्यातली एकेक जागा म्हणजे एक बिट. तसे मी कागदावर दोन ओळी लिहिल्या:

म : १००१ ००१० १११०
ब : १००१ ००१० ११००

उजवीकडून दुसरी जागा. तिथला एक जाऊन शून्य झाला होता, बाकी सगळं जसंच्या तसं. ताईंनी लगेच विचारलं, "मग आकडेसुद्धा बदलत असतील?" मराठी आकड्यांचे क्रमांक मी पटकन ताडून पाहिले. ५ चा ३ होणार, ८ चा ६, ९ चा ७, आणि शून्याच्या जागी चक्क दंड, म्हणजे श्लोकाच्या ओळीअखेरची उभी रेघ, येणार. गुरुजींनी शेवटची पानं उलटली. एका रकमेच्या मधोमध उभा दंड होता, आणि शेजारी त्यांनीच लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलेलं.

आता पुरावा हवा होता. आठ बिटांचा एक बाइट, आणि या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराला दोन बाइट होते. पानं लावायचा प्रोग्राम आणि मोठे फोटो उघडे ठेवून मी त्याच संगणकावर फाइलच्या प्रती काढल्या आणि मूळ फाइलशी बाइटनिहाय ताडल्या. बहुतेक प्रती तंतोतंत निघाल्या, काहींत फरक आला. फरक पडलेल्या प्रत्येक बाइटचा फाइलमधला क्रमांक आठने भागला की बाकी चारच उरत होती. संगणक स्मृतीतून एका वेळी ६४ बिट, म्हणजे आठ बाइट उचलतो. त्या आठांतल्या एकाच बाइटमधलं एकच बिट कुठेतरी मरत होतं. हे व्हायरसचं काम नव्हे आणि डिस्कचंही नव्हे, रॅमचं, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवणाऱ्या त्या स्मृतीचं आहे.

संगणक बंद केला आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालू केला. हा प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक जागेत ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून पाहतो. बराच वेळ सगळं ठीक चाललं. रॅमच्या वरच्या टोकाकडे पोहोचल्यावर पडद्यावर लाल ओळी धावू लागल्या, आणि प्रत्येक ओळीत चुकलेल्या बिटांच्या रकान्यात शून्यांच्या रांगेत एकच २, म्हणजे तीच उजवीकडून दुसरी जागा. मी मालकांना खुर्ची ओढून समोर बसवलं. "काका, हा बघा तुमचा चुकार कामगार."

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून तपासल्या, दोषी पट्टीचे संपर्क खोडरबरने घासले, खाचही बदलून पाहिली. दोष पट्टीबरोबरच फिरत होता. यातली एकेक पेशी, म्हणजे एक बिट ठेवायची जागा, ही एक ट्रान्झिस्टर (इवलासा स्विच) आणि एक इवलासा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) यांची बनते, आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्याचं पेटंट मिळालं तीच रचना. कपॅसिटरमधला भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. काही पेशी गळक्या घागरीसारख्या होतात, पुन्हा भरायची वेळ येईपर्यंत रिकाम्या. तिथे ठेवलेला १ हा शून्य म्हणून वाचला जातो, आणि शून्याचं काहीच बिघडत नाही. म्हणूनच म चा ब होत होता, पण ब चा म कधीच नाही. छोटी कामं चालू असताना तो भाग बहुधा वापरातच येत नसे, त्यामुळे एरवी मशीन ठणठणीत.

मला खरा राग येतो तो इथे. यावर उपाय फार जुना आहे. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी चूक शोधून स्वतःच दुरुस्त करणारे संकेत १९५० मध्ये प्रसिद्ध केले. सर्व्हरच्या, म्हणजे अनेकांना सेवा देणाऱ्या मोठ्या संगणकांच्या, रॅममध्ये ६४ बिटांमागे आठ जादा बिट असतात, त्यामुळे एक बिट उलटलं तर ते जागेवर सुधारलं जातं आणि दोन उलटली तर निदान कळतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतही दर आठ बिटांमागे एक तपासणीचं बिट होतं. आजच्या साध्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर आणि रॅमच्या मधली अशी तपासणी सहसा नसते. पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या यांचे हिशेब अशाच मशीनवर चालतात, आणि बिट पडलं की ते मशीन चकार शब्द काढत नाही.

पट्टी बदलणं हे काही मिनिटांचं काम. बिघडलेला मजकूर निस्तरायला मात्र रात्र झाली. ताई रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर यादीची वेगळी प्रत ठेवत असत, ती सवय कामी आली. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून, जिथे जिथे अक्षरांचा फरक नेमका दोनचा आहे तेवढ्या ओळी मी वेगळ्या काढल्या. गुरुजी पतसंस्थेचं रजिस्टर वाचत गेले, ताई खूण करत गेल्या. नावांपेक्षा मला भागभांडवलाच्या रकान्याची धास्ती होती. तिथे ५०० चे ३०० झालेले सापडले, आणि ते प्रुफात कुणाच्याच नजरेला आले नव्हते.

मालकांनी कापलेले पैसे गल्ल्यातून काढून टेबलावर ठेवले. ताईंनी ते मोजून घेतले आणि म्हणाल्या, "काका, संस्थेच्या सचिवांना तुम्ही माझं नाव सांगितलं होतं. आता त्यांना फोन करून हेही सांगा." मालकांनी आमच्यासमोरच फोन लावला.